जुलाबात मीठ-साखरेचं पाणीच का?

भैरवगढचं बाटीक काम आपण पाहिलेलं आहे. कापडावर जिथे मेण, तिथे रंग शिरत नाही. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवतीही स्निग्ध पदार्थाचं असंच पातळ आवरण असतं. मीठ किंवा साखर त्यातून आपोआप आत जात नाही. त्यांच्यासाठी या आवरणात प्रथिनांची दारं असतात.

पेशी मात्र यासाठी ऊर्जा खर्च करते. आवरणातला एक पंप एटीपी या रेणूतली ऊर्जा वापरून दर फेरीला सोडियमचे ३ कण बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ आत घेतो. (या शोधासाठी डेन्मार्कच्या येन्स स्काऊ यांना १९९७ मध्ये नोबेल मिळालं.) त्यामुळे पेशीच्या आत सोडियम कमी राहतं आणि बाहेरचं सोडियम आत यायला बघतं.

लहान आतड्यात याचाच फायदा होतो. तिथल्या एका दारातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत येतात, आणि त्यांच्यामागून पाणी शोषलं जातं. कॉलऱ्यात शरीरातलं पाणी भराभर वाहून जातं, तरी हे दार चालूच राहतं. म्हणून नुसतं पाणी पुरत नाही. मीठ आणि साखर दोन्ही लागतात.

१९७१ मध्ये बंगालमधल्या बनगाव इथे बांगलादेशी निर्वासितांत कॉलरा पसरला. सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडाने द्यायला लावलं. सुमारे ३० टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं.

घरात एवढं लक्षात ठेवू या:

• ओआरएसची पूर्ण पुडी, तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यातच मिसळावी.
• पुडी नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.
• साखर वाढवू नये. जास्त साखर उलट पाणी आतड्यात ओढते. गोड सरबतं हा पर्याय नव्हे.
• थोडं थोडं, पण सारखं पाजावं. तान्ह्या बाळाचं अंगावरचं दूध बंद करू नये.
• मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचात रक्त दिसलं किंवा पोटात काही टिकत नसेल, तर लगेच डॉक्टरांकडे न्यावं.

२०२८ चा सिंहस्थ ऐन उन्हाळ्यात आहे आणि आपल्या सगळ्यांकडेच पाहुणे उतरतील. देवघरात जसा उदबत्तीचा पुडा, तशा स्वयंपाकघरात ओआरएसच्या चार पुड्या असू द्याव्यात.