वसईच्या वळणावरच्या मालगाड्या

रेल्वे पाहण्याचा छंद असलेला मराठी माणूस सवड मिळाली की घाट गाठतो. कसारा किंवा खंडाळा, मागून रेटा देणारी बँकर इंजिनं, बोगद्यातून बाहेर पडणारी गाडी. ते पाहायलाच हवं. पण मालगाड्यांसाठी सहल आखायची असेल, तर माझं मत ठाम आहे: मुक्काम वसईला टाकावा आणि तोही लवकर. पुढच्या काही वर्षांत इथलं चित्र बदलणार आहे.

वसई रोड स्थानकाला मालगाड्यांसाठी महत्त्व आलं ते न्हावा-शेव्यामुळे. तिथलं जवाहरलाल नेहरू बंदर मे १९८९ मध्ये सुरू झालं. बंदरात उतरलेला दिल्लीकडचा कंटेनर मुंबईच्या लोकलच्या गर्दीतून नेणं अशक्य. म्हणून तो पनवेल, दिवा, भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड आणि जूचंद्र असा शहराला वळसा घालत वसई रोडला येतो. मध्य रेल्वेचा हा फाटा इथे पश्चिम रेल्वेच्या मुख्य मार्गाला मिळतो. पुढे विरार, डहाणू, सुरत, वडोदरा. बंदराकडे जाणारा मालही याच वाटेनं उलटा येतो. देशातल्या एका फार मोठ्या बंदराचा उत्तरेकडचा व्यापार वसईच्या फलाटाशेजारून जातो, आणि त्याच फलाटावर लाखो माणसं रोज चर्चगेट लोकलची वाट पाहत मालगाडीकडे पाठ करून उभी असतात.

मालवाहतूक या मार्गाच्या जन्मापासूनच त्याच्यासोबत आहे. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया (बी.बी.सी.आय.) ही रेल्वे कंपनी १८५५ साली निघाली तीच गुजरातचा कापूस डोळ्यांपुढे ठेवून. सुरतेकडून आलेला रूळ १८६४ मध्ये मुंबईला भिडला. त्या वेळी अमेरिकेतल्या यादवीमुळे इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसावर तुटून पडल्या होत्या. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली ती १२ एप्रिल १८६७ रोजी, म्हणजे आधी माल आणि मग नोकरदार. आज विरारकर मालगाडीला लोकलच्या वाटेतली अडचण समजतात. त्यांचा त्रास मी नाकारत नाही, पण हा मार्ग मुळात कोणासाठी आला हे विसरलं जातं.

आता प्रत्यक्ष आखणी. मालगाडीला प्रवाशांसाठी छापलेलं वेळापत्रक नसतं, त्यामुळे घड्याळावर भरवसा ठेवून उपयोग नाही. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत लोकल आणि मेलगाड्यांना पुढे काढलं जातं, मालगाड्या बाजूला थांबतात. गर्दी ओसरली की दुपारी त्या सुटू लागतात. म्हणून साडेदहा-अकराला येऊन चारपर्यंत बसायची तयारी ठेवावी. संध्याकाळी पाचनंतर मुंबई सेंट्रलहून दिल्लीची राजधानी निघते. तिच्या आधी वैतरणा, सफाळे, केळवे रोड भागात एखादी मालगाडी लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी करून ठेवलेली दिसण्याची शक्यता चांगली. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात हिरवाई अप्रतिम असते, पण नालासोपारा-वसई पट्ट्यात रुळांवर पाणी चढतं. जुलै २०१८ मध्ये वडोदरा एक्स्प्रेस नालासोपाऱ्याजवळ अडकली आणि प्रवाशांच्या सुटकेसाठी एनडीआरएफला यावं लागलं होतं.

वसई रोडला पूर्वेकडची बाजू धरावी, दिव्याचा फाटा तिकडे वळतो. गाडी समोर आली की फोटोआधी वाघिणी वाचाव्यात, असं मी प्रत्येक नव्या छंदिष्टाला सांगतो. प्रत्येक वाघिणीवर अकरा आकडे रंगवलेले असतात. पहिले दोन वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचं वर्ष. नंतरचे चार अनुक्रमांक, आणि शेवटचा पडताळणीचा. ०१ दिसलं तर मध्य रेल्वे, ०८ दिसलं तर पश्चिम, ०९ दिसलं तर दक्षिण मध्य. एकाच रेकमध्ये, म्हणजे जोडलेल्या वाघिणींच्या संचात, चार-पाच रेल्वेंच्या वाघिणी आणि पंधरा-वीस वर्षांचं अंतर असलेली भावंडं शेजारी जोडलेली सापडतात. वळणावर गाडी ताशी तीस किलोमीटरनं सरकत असेल, तर सातशे मीटरचा रेक डोळ्यांसमोरून जायला जवळजवळ दीड मिनिट लागतं. सगळे आकडे टिपता येत नाहीत, पण पाच-सहा नक्की.

वसईला सर्वांत जास्त पाहण्यासारख्या त्या कंटेनरच्या गाड्या. बुटक्या, सपाट बीएलसी वाघिणी, एका रेकमध्ये ४५. प्रत्येकीवर वीस फुटी दोन किंवा चाळीस फुटी एक डबा, म्हणजे पूर्ण गाडीत वीस फुटी हिशेबानं नव्वद. डब्यावर चार अक्षरं आणि सात आकडे असतात. पहिली तीन अक्षरं मालकाची, चौथं बहुधा यू. डेन्मार्कची मर्स्क, जिनिव्हाची एमएससी, हाम्बुर्गची हापाग-लॉइड ही नावं कामण-जूचंद्रच्या शेतांवरून आणि खाजणावरून सरकत जातात. ज्या डब्याच्या तोंडाला यंत्राची जाळी दिसेल तो शीतडबा.

बाकीच्या वाघिणीही ओळखायला शिकाव्यात. बंद पत्र्याच्या बीसीएन कुटुंबातल्या वाघिणींत धान्य, खत, सिमेंट असतं. आडव्या गोल टाक्यांच्या बीटीपीएनमध्ये पेट्रोल-डिझेल. उघड्या बॉक्सएनमध्ये कोळसा. मात्र डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राचा कोळसा पाहायचा तर डहाणू रोडलाच जावं. माझा विशेष जिव्हाळा एनएमजीवर आहे. प्रवासी सेवेतून निवृत्त झालेल्या डब्यांच्या खिडक्या बंद करून, टोकांना दारं बसवून त्यांतून नव्या मोटारी नेतात. ज्या डब्यात कधीकाळी माणसं बाकावर दाटीनं बसली, त्यात आता कोऱ्या गाड्या रांगेनं उभ्या असतात.

इंजिनांत डब्ल्यूएजी-९ नेहमीचं, सहा हजार अश्वशक्तीचं. दोन इंजिनं जोडल्यासारखं लांबलचक दिसणारं डब्ल्यूएजी-१२बी मात्र मुद्दाम थांबून पाहावं. बिहारातल्या मधेपुऱ्याला आल्स्टॉमच्या सहकार्यानं बांधलेलं हे बारा हजार अश्वशक्तीचं इंजिन. जुन्या मंडळींना इथे आणखी एक गोष्ट आठवेल. विरारपर्यंत १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता, पुढे २५ हजार व्होल्टचा एसी. दोन्हींवर चालणारी डब्ल्यूसीएएम इंजिनं विरारजवळ धावता धावताच प्रवाह बदलत. फेब्रुवारी २०१२ मध्ये पश्चिम रेल्वेवरचं एसी रूपांतर पूर्ण झालं आणि तो प्रकार संपला. शेवटच्या वाघिणीमागे ब्रेक व्हॅन आणि तिच्यावर एलव्हीची (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचं वाहन) पाटी पाहिल्याशिवाय जागा सोडू नये. गाडी पूर्ण गेली, मध्येच तुटली नाही, याची ती खूण.

नियमांबाबत तडजोड नाही. दहा रुपयांचं फलाट तिकीट दोन तास चालतं, जास्त थांबायचं तर वसई रोड ते दिवा प्रवासाचं तिकीट काढून फिरतं राहावं. फलाटावर फोटो काढण्याआधी स्टेशन मास्तरांना विचारावं. रुळांवर, यार्डात किंवा वैतरणेच्या पुलावर पाऊल टाकू नये. रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली तो गुन्हा आहे आणि जीव जातो तो वेगळाच. पादचारी पुलावर उभं राहून गर्दीची वाट अडवणंही बरं नाही.

दिव्याच्या फाट्यावर मेमू मोजक्याच, त्यामुळे परतीची वेळ आधी पाहून मगच जूचंद्रला उतरावं. दिवाळीत तर नक्की. हे गाव रांगोळीचं, इथल्या कलाकारांची रांगोळी प्रदर्शनं लांबून लोक पाहायला येतात. दुपारी मालगाड्या, संध्याकाळी रांगोळ्या, असा दिवस मला महाराष्ट्रात दुसरीकडे सुचवता येणार नाही. नायगाव आणि जूचंद्र यांना थेट जोडणारा छोटा फाटाही मंजूर आहे. तो नसल्यामुळे २०२४ मध्ये सुरू झालेल्या वांद्रे-मडगाव गाडीला वसईला इंजिनाची बाजू बदलून उलटं निघावं लागतं. ती कसरत पाहायची तर फाटा होण्याआधी.

खरा बदल मात्र समर्पित मालवाहतूक मार्गामुळे येतो आहे. न्हावा-शेवा ते दिल्लीजवळचं दादरी, सुमारे दीड हजार किलोमीटर. त्यातला वैतरणा ते न्हावा-शेवा हा १०२ किलोमीटरचा टप्पा सगळ्यात शेवटी उरला. या मार्गावर ओव्हरहेड वायर साडेसात मीटर उंचीवर आहे, म्हणून विजेच्या इंजिनामागे कंटेनरवर कंटेनर रचून नेता येतो. वसई रोडच्या जुन्या तारांखाली ते शक्य नाही. विरारच्या उत्तरेला लोकल, मेल आणि मालगाड्यांनी वर्षानुवर्षं दोनच रूळ वाटून घेतले. २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल गेली तेव्हापासून ही ओढाताण वाढली. माल नव्या मार्गावर गेला की डहाणूच्या प्रवाशाला मोकळा श्वास मिळेल, आणि तो मिळायलाच हवा. डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. मच्छीमारांचा त्याला विरोध आहे आणि त्यांचे प्रश्न खरे आहेत. ते बंदर उभं राहिलं तर त्याचे कंटेनरही याच नव्या मार्गाला लागतील.

म्हणजे जूचंद्रच्या वळणावरून कंटेनरचे रेक लोकलच्या शेजारी येऊन उभे राहण्याचा काळ आता फार उरलेला नाही. वसई-विरारच्या शाळांनी आणि छंदिष्टांनी या वर्षीच एक वही घालावी: तारीख, वेळ, इंजिनाचा क्रमांक, वाघिणींचा प्रकार, डब्यांवरची नावं. बंदर आणि शहर एका फलाटावर आले होते, त्या काळाची अशी नोंद आपल्याशिवाय दुसरं कोणी करणार नाही.