महाडची ताकीद आणि एक इंग्रजी क्रियापद

मार्च महिना उजाडला की रायगडच्या किनारपट्टीवरील आमच्या विहारांतून लगबग सुरू होते. २० मार्चला महाडला जायचे, गाड्या ठरवायच्या, वर्गणी गोळा करायची, म्हाताऱ्या माणसांना कोण सोबत करणार ते पाहायचे. यंदा त्या धांदलीतच कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलामुलींचा एक अभ्यासवर्ग आम्ही श्रीवर्धनकडच्या एका विहारात घेतला. फळ्यावर इंग्रजीत एक वाक्य लिहिले: 'इन डिसेंबर १९२७ डॉ. आंबेडकर वॉज एन्जॉइन्ड फ्रॉम गोइंग टू द टँक.' आणि म्हटले, याचे मराठी करा.

एक मुलगी उठली. आईवडील दुसऱ्याच्या सुपारीच्या बागेत राबणारे, घरात इंग्रजी वाचणारी ही पहिलीच. तिने वाचून दाखवले, 'डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांना तळ्यावर जाण्याची आज्ञा करण्यात आली.' मागच्या बाकावर हशा पिकला. पोरगी गोरीमोरी झाली, पण खाली बसली नाही. म्हणाली, 'सर, डिक्शनरीत एन्जॉइन म्हणजे आज्ञा करणे असेच दिले आहे. तुम्हीच बघा.' आम्ही बघितले. तसेच दिले होते. डिक्शनरीही खरी होती आणि आमचे वाक्यही खरे होते. बाबासाहेबांना तळ्यावर जायची आज्ञा नव्हे, तर मनाई झाली होती.

हसणाऱ्यांना आम्ही गप्प केले, कारण वकिलीच्या पहिल्या वर्षी हीच ठेच आम्हालाही लागली होती.

हे क्रियापद इंग्रजीतही रोजच्या बोलण्यातले नाही. बाजारात, बसमध्ये ते कधी ऐकू येणार नाही. ते भेटते धर्मग्रंथांच्या भाषांतरात आणि कोर्टाच्या कागदात, म्हणजे आमच्या समाजाला ज्या दोन ठिकाणी सर्वांत जास्त मार बसला, नेमके तिथेच. मूळ लॅटिन. त्यातल्या 'जॉइन'चा अर्थ जोडणे, जुंपणे. आपल्या भाताच्या खाचरातल्या नांगराचे 'जू' आणि संस्कृतातला 'युज्' धातू हे त्याच कुळातले. एन्जॉइन करणे म्हणजे मानेवर जू ठेवणे, असे समजले तरी चालेल. आता जू बैलाला पुढेही ओढायला लावते आणि इकडेतिकडे जाऊही देत नाही. या शब्दाचे तसेच झाले आहे.

एक अर्थ आज्ञेचा. एखाद्यावर एखादी गोष्ट अधिकाराने बंधनकारक करणे. तिथे क्रियापदापाठोपाठ 'ऑन', 'अपॉन' किंवा 'टू' येते. आपल्या वरिष्ठ न्यायालयांच्या निकालपत्रांत हा प्रयोग पदोपदी सापडतो. संविधानाचा अनुच्छेद ४६ अनुसूचित जाती-जमातींचे शैक्षणिक व आर्थिक हित जपण्याचे कर्तव्य राज्यावर एन्जॉइन करतो, असे लिहिले की राज्याने ते केलेच पाहिजे. हा एन्जॉइन आपल्या बाजूचा.

दुसरा अर्थ नेमका उलटा आणि तो प्रामुख्याने कायद्याचा. पाठोपाठ 'फ्रॉम' आला की मनाई. स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट १९६३ च्या कलम ३७ मध्ये कायम मनाईबाबत प्रतिवादीसाठी हाच शब्द 'फ्रॉम'सह वापरला आहे. तो १८७७ च्या जुन्या कायद्यातून उचलला, म्हणजे महाडचा दावा दाखल झाला तेव्हाही कायद्यात तोच शब्द होता. 'इन्जंक्शन' हे नाम याच क्रियापदाचे. आपली कोर्टे हुकूम लिहिताना बहुधा 'रिस्ट्रेन' हा सोपा शब्द वापरतात. ते चांगलेच आहे.

मराठी वाचकाला हे कोडे फार अवघड वाटू नये, कारण आपल्याकडे 'ताकीद' आहे. आई पोराला ताकीद देते की दिवेलागणीला घरी ये. तीच आई ताकीद देते की भरतीच्या वेळी खाडीत उतरू नकोस. आपल्या तालुका कोर्टातही 'तूर्तातूर्त ताकीद' आणि 'निरंतर ताकीद' हे शब्द मनाईसाठीच चालतात. फरक एवढाच की मराठीत शेवटी 'नकोस' येते आणि अर्थ लख्ख होतो. इंग्रजीत तो एका बारीक 'फ्रॉम'मध्ये दडलेला असतो, आणि पहिल्या पिढीच्या वाचकाची नजर नेमकी त्याच्यावरून घसरते.

आता महाडकडे येऊ, कारण हा शब्द शिकायचा तर त्या गावाइतकी चांगली शाळा नाही. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो माणसे ते पाणी प्याली. सनातन्यांनी माणसांना झोडपले आणि तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. पुढे नगरपालिकेनेही आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह जाहीर झाला, तेव्हा स्पृश्य पुढारी लाठ्याकाठ्यांबरोबर कोर्टाची पायरीही चढले. १९२७ चा दावा क्रमांक ४०५. तळे आमच्या मालकीचे आहे, अस्पृश्यांना त्यावर हक्क नाही असे ठरवा आणि त्यांना कायमची मनाई करा, अशी मागणी. १४ डिसेंबरला महाडच्या कोर्टाने तूर्तातूर्त मनाई दिली. बाबासाहेब बोटीने येऊन २५ डिसेंबरला दासगाव बंदरात उतरले, तेव्हा तो हुकूम अकरा दिवसांचा झाला होता.

त्या दिवशी महाडात आमच्या माणसांच्या मानेवर दोन एन्जॉइन होते. एक कोर्टाचा, 'फ्रॉम'वाला. दुसरा मनुस्मृतीचा, 'अपॉन'वाला: शूद्राने सेवा करावी, त्याने धन साठवू नये. मीमांसेत वेदाच्या आज्ञेला 'विधी' म्हणतात, आणि इंग्रज पंडित त्याचे भाषांतर काय करतात? 'इन्जंक्शन'! शास्त्राची आज्ञा तोही इन्जंक्शन आणि दिवाणी न्यायाधीशाची मनाई तोही इन्जंक्शन. पुढे १९३६ मध्ये 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी मांडले की हिंदू ज्याला धर्म म्हणतात तो आज्ञा आणि मनाया यांचा ढीग आहे. या क्रियापदाच्या दोन्ही अर्थांचा ढीग, असे आम्ही म्हणू.

या दोन हुकमांना बाबासाहेबांनी सारखे वागवले नाही, हे आमच्या मते त्या परिषदेतले वकिलाने शिकण्यासारखे सर्वांत मोठे प्रकरण आहे. २५ तारखेच्या रात्री मनुस्मृती जाळली. कोर्टाचा कागद जाळला नाही. लोक तुरुंगात जायला तयार होते, परत फिरायला तयार नव्हते. तरी आपले भांडण स्पृश्यांशी आहे, सरकारशी नाही, हे समजावून सत्याग्रह तहकूब केला आणि तळ्याभोवती मिरवणूक नेली. अनेकांना तेव्हा ते कडू वाटले. आम्हालाही विद्यार्थिदशेत कडूच वाटले होते. वकिली केल्यावर उलगडा झाला. कोर्टाच्या मनाईला तारीख होती, क्रमांक होता, समोर वादी होते, पुरावा मागता येत होता. मनूच्या आज्ञेवर अपील कुठे करणार? फेब्रुवारी १९२८ मध्ये ती तूर्तातूर्त मनाई उठली. १९३१ मध्ये दावा फेटाळला गेला, १९३३ मध्ये ठाण्याला अपील फेटाळले गेले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड यांनी निकाल दिला की अस्पृश्यांना वगळण्याची अनादी वहिवाट वादींना शाबीत करता आली नाही. (हेच ब्रूमफील्ड १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना शिक्षा सुनावणारे.) सव्वानऊ वर्षे लागली. पण जे जू न्यायाधीशाने ठेवले ते न्यायाधीशाकडूनच उतरवून घेतले.

संविधानाच्या अनुच्छेद १७ मध्ये मात्र हे दुतोंडी क्रियापद नाही. तिथे अस्पृश्यता 'ॲबॉलिश्ड' आहे आणि तिचे आचरण 'फॉरबिडन' आहे. कोणत्याही शब्दयोगी अव्ययाची वाट पाहावी लागत नाही.

आणखी एक प्रयोग आम्हाला खटकतो. इंग्रजी पुस्तकांत 'बुद्धाने पंचशील एन्जॉइन केले' असे लिहिलेले असते. व्याकरणात चूक नाही, पण धम्मात आहे. पंचशीलात 'समादियामि' आहे. मी स्वतः ते ग्रहण करतो, कुणी माझ्या मानेवर ठेवत नाही. तिथे 'टॉट' म्हणावे, शिकवले म्हणावे.

आमच्या ठेचेची गोष्ट राहिली. वस्तीच्या रस्त्याचा दावा होता. वीस वर्षांहून जास्त काळ त्या पायवाटेने आमची माणसे ये-जा करीत होती. वहिवाटीच्या हक्कासाठी १८८२ च्या इझमेंट्स ॲक्टमध्ये 'एन्जॉइड' हा शब्द आहे, म्हणजे शांतपणे, उघडपणे उपभोगलेला. आम्ही इंग्रजीत मसुदा केला, त्यात 'एन्जॉइड'ही होते आणि 'एन्जॉइन्ड'ही. टंकलेखकाने दोन्ही एक करून टाकले. वर 'फ्रॉम' लिहायचे आम्हीच विसरलो होतो. प्रतिवादीने रस्ता अडवावा आणि त्याचा आनंद घ्यावा, अशी काहीतरी आमची विनंती झाली! विरुद्ध बाजूच्या वकिलांनी ती मोठ्याने वाचली. दुरुस्ती अर्ज मंजूर झाला, पण एक तारीख गेली, आणि तेवढ्या दिवसांत त्या पायवाटेवर काट्यांचे कुंपण उभे राहिले. ते हटवायला तीन पावसाळे गेले. म्हातारी माणसे तेवढे दिवस चिखलातून, बांधावरून वळसा घालून जात होती.

हे त्या मुलीला सांगितले तेव्हा ती हसली नाही. तिने वहीत 'फ्रॉम'खाली दोन रेघा मारल्या आणि विचारले, 'सर, कोर्ट कुंपण काढ म्हणून हुकूम देते, तोही इन्जंक्शनच ना? मग तिथे फ्रॉम येणार की टू?' प्रश्न कलम ३९ चा आहे. तो पुढच्या रविवारी, त्याच विहारात, सकाळी दहा वाजता घ्यायचा ठरला आहे.