कॅथेटरच्या मुखाशी रोजची दक्षता

मूत्रपिंडे निकामी झाली तरी पेरिटोनियल डायलिसिसमुळे रुग्णाला घरीच उपचार घेता येतात. पोटात बसविलेल्या मऊ नळीतून, म्हणजेच कॅथेटरमधून, विशिष्ट द्रव उदरपोकळीत सोडला जातो आणि काही तासांनी शरीरातील टाकाऊ द्रव्यांसह तो बाहेर काढला जातो. पिशव्या बदलण्याच्या वेळा सांभाळून रुग्णाला पेढीवर बसता येते, प्रवासही करता येतो. हे स्वातंत्र्य टिकविण्यासाठी कॅथेटर त्वचेतून बाहेर येतो ती जागा, म्हणजे एक्झिट साइट, निरोगी राहणे अत्यावश्यक आहे.

संसर्ग कसा ओळखावा?

या जागेतून पू येणे हे संसर्गाचे प्रमुख लक्षण होय. मग भोवती लाली असो वा नसो. सूज, ठणका व वाढती लाली हीही धोक्याची चिन्हे आहेत. नुसती लाली पट्टीच्या घर्षणाने किंवा चिकटपट्टीच्या ॲलर्जीनेही येते, तथापि ती डायलिसिस केंद्रात दाखवावी. त्वचेखालून जाणाऱ्या कॅथेटरच्या मार्गावर दुखरी सूज आल्यास संसर्ग आत पसरल्याची शंका घ्यावी. अशा वेळी सोनोग्राफी उपयोगी पडते.

बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला, पोट दुखू लागले किंवा ताप आला, तर उदरावरणाचा दाह, म्हणजे पेरिटोनायटिस, झालेला असू शकतो. ती पिशवी फेकून न देता सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

उपचार

पू दिसताच घरातील उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी स्वॅब घेऊन कल्चर तपासणी केल्यास नेमका जंतू कळतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू वारंवार आढळतो; स्यूडोमोनास अधिक चिवट असून त्याचे उपचार लांबतात. पू थांबला तरी औषधाचा क्रम डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पूर्ण करावा. चौविहाराचा नियम किंवा उपवास असल्यास तसे आधीच सांगावे, म्हणजे डोसांच्या वेळांचा विचार डॉक्टरांना करता येईल. स्वतःहून डोस गाळू नये. योग्य उपचारांनीही संसर्ग हटला नाही, तर कॅथेटर काढावा लागतो आणि रुग्णाला निदान काही काळ यंत्रावरील हिमोडायलिसिसकडे वळावे लागते.

प्रतिबंध

हात साबणाने धुऊन ही जागा रोज पाहावी. केंद्राने शिकविलेल्या पद्धतीने ती स्वच्छ करून पूर्ण कोरडी करावी आणि सांगितले असल्यास म्युपिरोसिनसारखे मलम लावावे. कॅथेटर त्वचेला नीट चिकटवून ठेवावा, म्हणजे त्याला हिसका बसणार नाही. साडी, धोतर वा पट्ट्याची गाठ त्यावर येऊ देऊ नये. खपली ओढू नये. हळद, तूप, पावडर असे घरगुती लेप पूर्णपणे वर्ज्य समजावेत. टबात किंवा तलावात डुंबणे टाळावे.

घरातील आणखी एका व्यक्तीने ही निगा शिकून घ्यावी. दृष्टी मंद झालेल्या वृद्ध रुग्णाच्या बाबतीत संसर्गाचे पहिले चिन्ह बहुधा तिलाच दिसेल.