सर्व्हर प्रतिसाद देतो काय?

महाराष्ट्रात १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा सुरू झाला. करवीर वा शाहूवाडी तालुक्यातील शेतकऱ्याला उतारा मिळणे डेटाबेस सर्व्हरच्या प्रतिसादावर अवलंबून आहे.

उतारा न निघाल्यास केवळ ‘सर्व्हर बंद’ म्हणून भागत नाही. तपासणीचे टप्पे तीन. यंत्रापर्यंत संदेश पोहोचतो काय, हे ‘पिंग’ने कळते. डेटाबेस जोडणी स्वीकारतो काय, हे त्याच्या पोर्टवर पाहतात. पोस्टग्रेस प्रणालीत तो सामान्यतः ५४३२ असतो. शेवटी एक साधा प्रश्न पाठवून ठराविक वेळात उत्तर येते काय, हे पाहावे लागते. पहिल्या दोन कसोट्या उतरूनही तिसरीत सर्व्हर अडू शकतो.

कार्यालयाने अडचणीची नेमकी वेळ व पडद्यावरील संदेश कळविल्यास दोष लवकर सापडतो आणि शेतकऱ्याचा हेलपाटा वाचतो.