पहिल्याचे पाणी

पश्चिम नेवाडातल्या कार्सन खोऱ्यात नदीचे पाणी कमी पडले, की साल पाहतात. कुणाच्या शेतात कोणत्या साली पहिल्यांदा पाणी खेळले, ते साल. 1850च्या दशकात ज्याने पाट काढला त्याची पाळी आधी, मागून आलेल्याची मागून. दुष्काळी वर्षी शेवटच्याच्या चारीपर्यंत पाणी पोहोचतही नाही. म्हणून या खोऱ्यात ‘आमचे घराणे सर्वांत जुने’ हे वाक्य नुसत्या अभिमानाचे नसते. त्यावर पीक उभे असते.

अशा जुन्या घराण्यांत डँगबर्गांचे नाव वरचे. सिएरा नेवाडा पर्वत ढगांतले पाणी आपल्याकडेच ठेवून घेतो आणि पूर्वेला त्याच्या पायथ्याशी समुद्रसपाटीपासून सुमारे 4,700 फुटांवर हे खोरे कोरडे राहते. वसंतात डोंगरावरचा बर्फ वितळतो आणि कार्सन नदीच्या दोन फाट्यांतून खाली येतो, तेवढाच आधार. 1851 साली मॉर्मन पंथीयांनी इथे व्यापारी ठाणे उभारले, त्याचेच पुढे जेनोआ गाव झाले. 1857 मध्ये पंथप्रमुख ब्रिगम यंग यांनी आपल्या लोकांना युटाला परत बोलावले आणि मॉर्मनांनी कसलेल्या जमिनी मोकळ्या पडल्या. त्याच साली वेस्टफालियातल्या हाले गावाहून आलेल्या हेन्री फ्रेडरिक डँगबर्ग यांनी पूर्व फाट्याच्या काठी ओंडक्यांची झोपडी बांधली. त्याआधी दुसऱ्या एका जागेवर हक्क सांगून ते खाणीकडे गेले आणि परत येतात तो ‘लकी बिल’ थॉरिंग्टन नावाचा माणूस बंदूक घेऊन तिथे बसलेला, अशी कथा खोऱ्यात सांगतात. हा थॉरिंग्टन 1858 मध्ये फासावर गेला. ती झोपडी मात्र टिकली. पुढच्या पिढ्यांनी तिच्याभोवती खोल्या वाढवत नेल्या आणि आज संग्रहालय असलेल्या मोठ्या घराच्या पोटात ती अजून आहे.

डँगबर्गांनी नेवाडात अगदी सुरुवातीला अल्फाल्फा लावला. आपल्याकडे दूधवाले शेतकरी ज्याला लसूणघास म्हणतात, तोच. पाणी मिळाले की एकाच हंगामात पुन्हा पुन्हा कापता येणारा हा चारा. त्याच्या गंज्या रचल्या, की बर्फाच्या महिन्यांत गुरे जगतात. डँगबर्गांच्या हजारो एकरांवरच्या गोधनाची खरी किल्ली जनावरांत नव्हती, पाटांत होती.

1866 मध्ये हेन्री यांनी मार्गारेट फेरिस यांच्याशी लग्न केले. फेरिस कुटुंब 1864 मध्ये इलिनॉयहून आले होते. मार्गारेटचा धाकटा भाऊ जॉर्ज तेव्हा पाच वर्षांचा होता. नदीवरच्या क्रॅडलबॉ पुलाजवळ पाणी उचलणारे एक मोठे चाक होते. भरलेले डबे वर चढताना आणि रिकामे खाली येताना हा मुलगा तासन्‌तास पाहत बसे, अशी आख्यायिका आहे. म्हणजे आपले रहाटगाडगेच. 1893 च्या शिकागो प्रदर्शनात त्याच जॉर्ज फेरिस यांनी 264 फूट उंचीचे चाक उभे केले. त्याला 36 डबे होते आणि प्रत्येकात 60 माणसे मावत. आपल्या जत्रांतला आकाशपाळणा त्या चाकाच्याच वंशातला. आख्यायिका खरी मानावी असे मला मनापासून वाटते. ज्या खोऱ्यात पाणी उचलणे हाच आयुष्याचा प्रश्न होता, तिथल्या मुलाने चाकाकडे टक लावून पाहिले नसते तरच नवल.

पण खोऱ्यातून नुसते पाणी वाहत नव्हते. 1859 मध्ये उत्तरेला व्हर्जिनिया सिटीजवळ कॉमस्टॉक ही प्रचंड चांदीची शीर सापडली. तिथला दगड इतका ठिसूळ आणि शीर इतकी रुंद होती, की नेहमीचे टेकू पुरेनात. 1860 मध्ये फिलिप डायडेशायमर या जर्मन अभियंत्याने जाड तुळयांच्या चौकटी एकमेकींना जोडून मधाच्या पोळ्यासारखा सांगाडा रचला. चांदी बाहेर निघू लागली आणि जंगल आत जाऊ लागले. खाणीच्या भट्ट्यांना सरपण हवे होते, ते वेगळेच.

पूर्व फाट्याच्या उगमाकडे, कॅलिफोर्नियाच्या अल्पाइन काउंटीत, लाकूडतोडे हिवाळाभर झाडे पाडत. वसंतात पूर आला, की ओंडके नदीत सोडत. ते खोऱ्यातून तरंगत एम्पायर गावाच्या गिरण्यांपर्यंत जात आणि काठाने लांब आकड्या घेतलेली माणसे अडकलेले लाकूड सोडवत चालत. ओंडक्यांना हवे होते तेच पुराचे पाणी, त्याच आठवड्यांत, कुरणांच्या पाटांनाही हवे असे.

टाहो सरोवराकाठी 1873 पासून ड्युएन ब्लिस यांच्या कार्सन अँड टाहो लंबर अँड फ्लूमिंग कंपनीने हाच धंदा यंत्राच्या गतीने केला. ग्लेनब्रूकच्या गिरण्यांत कापलेले लाकूड छोट्या रेल्वेने स्पूनरच्या खिंडीपर्यंत चढे आणि तिथून फळ्यांच्या पन्हळीतून कार्सन सिटीकडे घसरे. दोन फळ्या काटकोनात जोडून केलेली ही पन्हळ जेनोआच्या जेम्स हेन्स यांची कल्पना. तिला पाणी थोडे लागे. लाकूड अडलेच, तर मागे पाणी तुंबे, त्याने लाकूड उचलले जाई आणि पुढे सरके. इतकी साधी आणि इतकी हुशार वस्तू डोंगर बोडका करायला वापरली गेली, याचे वाईट वाटते. शतक संपेपर्यंत चांदी आटली आणि कंपनीचा गाशा गुंडाळला गेला. टाहोभोवती आज दिसणारे जंगल बहुतांशी त्यानंतर उगवलेले आहे.

डँगबर्गांचे पाट मात्र वाहत राहिले. हेन्री 1904 मध्ये वारले. मुलांनी रेल्वे कंपनीला जागा देऊ करून रूळ दक्षिणेकडे ओढले आणि 1906 मध्ये गाडी नव्या गावात आली. जर्मनीतल्या गावावरून त्याचे नाव मिंडन ठेवले. लोणी करण्याचा कारखाना, पिठाची गिरणी उभी राहिली. 1916 मध्ये या खोऱ्याच्या काउंटीचे मुख्यालयही जेनोआहून मिंडनला आले. फेरिस यांचे मूळ चाक सुरुंग लावून पाडले गेले, तेही 1906 सालीच.

‘पहिले’ कोण, हा प्रश्न इथे अवघड होतो. मॉर्मन, डँगबर्ग, फेरिस यांच्या कित्येक पिढ्या आधी हे खोरे वाशो लोकांचे होते. टाहो हे नावही त्यांच्याच भाषेतून आलेले. कुरणांनी त्यांची बियाणी आणि कंद खाल्ले, सरपणाच्या कुऱ्हाडींनी चिलगोज्यासारखा दाणा देणारे पिन्यन पाइन तोडले. उपजीविका गेल्यावर वाशो पुरुष गंज्या रचायला आणि बायका कपडे धुवायला त्याच कुरणवाल्यांच्या रँचवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या शेतांवर, येऊ लागल्या. 1917 मध्ये रँचमालक विल्यम ड्रेसलर यांनी त्यांच्या वसाहतीसाठी 40 एकर दिले. त्याच साली काउंटीने वटहुकूम काढला, की संध्याकाळी साडेसहानंतर एकही मूळनिवासी मिंडन किंवा शेजारच्या गार्डनरव्हिल गावात दिसता कामा नये. तो 1970च्या दशकापर्यंत कायद्याच्या पुस्तकात होता. एका हाताने दिलेले 40 एकर आणि दुसऱ्या हाताने बंद केलेले दार, हे दोन्ही कागद एकत्र वाचल्याशिवाय या खोऱ्याचा वारसा वाचताच येत नाही.

नदीच्या पाण्यावरच्या हक्कांचा दावा केंद्र सरकारने 1925 मध्ये लावला. निकाल 1980 मध्ये लागला. त्या हुकूमनाम्यात प्रत्येक जमिनीसमोर साल लिहिलेले आहे आणि न्यायालयाने नेमलेला अधिकारी त्या क्रमाने पाणी वाटतो. सर्वांत जुनी साले एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची आहेत.

वाशोंना 1890च्या दशकात सरकारने वैयक्तिक जमिनी दिल्या, त्या खोऱ्यात नव्हे, पूर्वेच्या पाइन नट डोंगरात. तिथे नदी नाही, म्हणून शेतीवाल्यांना ती जागा नको होती. पिन्यन मात्र तिथे उगवतो. शरद ऋतूत वाशो कुटुंबे अजूनही लांब काठ्या घेऊन त्या डोंगरावर चढतात आणि झाडांवरची बोंडे झोडून खाली पाडतात.