हिमस्खलन: पाऊल टाकण्यापूर्वी

• उतार: ३० ते ४५ अंशांचा सर्वांत धोक्याचा. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साचत नाही, झडत राहतो.

• प्रकार: सुट्या बर्फाचे स्खलन एका बिंदूतून सुटून खाली पसरते. थराचे स्खलन अधिक घातक. वाऱ्याने दाबून बसवलेला थर खालच्या दाणेदार, कच्च्या बर्फावरून सबंधच्या सबंध निसटतो. वर आडवी चीर उरते. बहुतेक जीवघेण्या घटनांत हा थर मोडतो तो खुद्द गिर्यारोहकाच्या किंवा साथीदाराच्या वजनाने.

• खुणा: शेजारच्या उतारावर ताजे स्खलन, पायाखाली ‘धप्प’ आवाज, बुटापासून पळत जाणाऱ्या भेगा. मोठ्या हिमवृष्टीनंतरचे पहिले २४ तास, एकाएकी चढलेला पारा.

• वेळ: गाडलेल्याला पहिल्या १०-१५ मिनिटांत काढले तर वाचण्याची शक्यता मोठी, ३५ मिनिटांनंतर बहुतेक जण गुदमरलेले असतात. सुटका साथीदारांनीच करायची. त्यासाठी प्रत्येकाकडे बीकन (४५७ किलोहर्ट्झवर संकेत देणारे-घेणारे यंत्र), प्रोब म्हणजे बर्फात खुपसून शोधायची घडीची सळई, आणि फावडे.

• द्रौपदी का डांडा-२ शिखर, उत्तरकाशी: ४ ऑक्टोबर २०२२. नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षण तुकडी हिमस्खलनात सापडली. पंचविसाहून अधिक मृत्यू. हिवाळा अजून लागलाही नव्हता.