म्हशीच्या दुधापासून बाळाच्या डब्यापर्यंत

म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही, असं परदेशी तज्ज्ञ ठामपणे सांगत. 1955 मध्ये आणंदला (तेव्हा ते मुंबई राज्यातच होतं) अमूलच्या हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली. पुढचा प्रश्न जास्त अवघड होता: ही भुकटी तान्ह्या बाळाला चालेल कशी?

आईच्या 100 मिलिलिटर दुधात प्रथिनं जेमतेम 1 ग्रॅम, म्हशीच्या दुधात 4 च्या आसपास. त्यातही बहुतांश केसीन. पोटातल्या आम्लात त्याचा घट्ट गोळा होतो, आणि जादा प्रथिनं-क्षारांचा निचरा करताना बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर ताण येतो. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने ही गणितं सोडवली आणि म्हशीच्या दुधाचं बालान्न अमूलने बाजारात आणलं. आजच्या फॉर्म्युल्यात प्रथिनं कमी करतात, दुग्धशर्करा वाढवतात, वनस्पती तेलं, लोह आणि जीवनसत्त्वं घालतात. थोडक्यात, दूध उसवून पुन्हा शिवायचं.

आईच्या दुधातली प्रतिपिंडं आणि जिवंत पेशी मात्र डब्यात भरता येत नाहीत. म्हणून पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हा सल्ला कायम आहे. ते शक्य नसेल तर दूधपेढीचं दूध. मुंबईच्या सायन रुग्णालयात 1989 पासून अशी पेढी आहे. तेही नसेल तेव्हा फॉर्म्युला, आणि त्यात आईने अपराधी वाटून घेण्यासारखं काहीही नाही. गॅलॅक्टोसेमिया हा दुर्मीळ आजार असलेल्या बाळाला तर आईचं दूधच चालत नाही. त्याला सोयाचा फॉर्म्युला द्यावा लागतो.

माझ्या मते खरी गफलत होते ती स्वयंपाकघरात. ‘जड पडेल’ म्हणून आजी पाणी वाढवते, डबा महिनाभर पुरवायचा म्हणून कुणी चमचा कमी घालतं. बाळाचं पोट भरतं, पण पोषण होत नाही. उलट चमचा शिगोशीग भरला, तर मूत्रपिंडांवर पुन्हा तोच ताण. डब्यातलाच चमचा घ्यावा, तो सपाट भरावा आणि पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. भुकटी निर्जंतुक नसते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तिच्यात क्रोनोबॅक्टर हा जिवाणू असू शकतो, म्हणून उकळलेलं पाणी 70 अंशांखाली जाण्याआधी भुकटी त्यात मिसळायची, दूध कोमट करून पाजायचं आणि बाटलीत उरलेलं, कितीही जिवावर आलं तरी, ओतून द्यायचं.